दाराला तेल घातल्याबद्दल

ती. स्व. मामांना तुमच्या भाचीचा वाकून (आणि दातओठ खाऊन) नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? तुमच्या हातांची चौकशी करत नाही, ते ठणठणीत आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांची करामत मी गेले चार दिवस रोज उघडून आणि लावून बघते आहे. तुम्ही जवळ फोन ठेवत नाही (कानामागे पेन्सिल आणि कानाला फोन एकाच वेळी जमत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे), म्हणून हे पत्र. बसून वाचा, आणि शक्यतो हातात कुठलंही अवजार नसताना वाचा.

आधी माझ्या शिक्षणाविषयी चार शब्द, कारण मी नेमकं काय शिकते हे घरात अजून कुणालाही धड सांगता येत नाही. आई विचारणाऱ्यांना "कॉलेजात आहे" एवढंच सांगते आणि घाईघाईने त्यांच्या सुनेची चौकशी करते. बाबांच्या मते कला आणि विज्ञान दोन्ही शिकणारी मुलगी म्हणजे दोन्हींतलं काहीच न येणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या वेळी सगळे नातेवाईक माझ्या भविष्याची काळजी करायला जमले होते, तेव्हा माझ्या बाजूने तुम्ही एकटे बोललात. एका हाताने रंधा मारता येतो का, शिकू दे दोन्ही, असं म्हणालात आणि चहा पिऊन निघून गेलात. त्या एका वाक्यावर मला प्रवेश मिळाला. फक्त बाबांनी अट घातली, की एकदा जरी नापास झाले तरी गुपचूप काकांच्या ऑफिसात जाऊन बसायचं. तिथे खिडकीजवळ माझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली आहे. काका ती दर महिन्याला पुसून घेतात म्हणे. इतकी आस्था त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल कधी दाखवली नाही.

तर आमचा संयुक्त विभाग. नाव मोठं असलं तरी जागा म्हणजे विज्ञानाची इमारत आणि कलेची इमारत यांच्यामधली जुनी सामानाची खोली. खोलीला एक दार, आणि ते दार नऊ वर्षं करकरत होतं. विज्ञानवाले म्हणत, दार कलेच्या बाजूला उघडतं, तेव्हा ते त्यांचं. कलावाले म्हणत, बिजागऱ्या विज्ञानाच्या भिंतीत आहेत, तेव्हा ते त्यांचं. अकरा अर्ज झाले, एक समितीही नेमली गेली, आणि त्या समितीची बैठक याच खोलीत असल्यामुळे दर वेळी कुणी आत आलं की बोलणं थांबायचं. आमच्या विभागात दोनच प्राध्यापक आहेत. एक आवाजाचं शास्त्र शिकवणारे सर (आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणतो) आणि दुसऱ्या कविता शिकवणाऱ्या बाई (त्यांना उसासा). नऊ वर्षं दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, पंख्याच्या वेगावरसुद्धा.

आणि तिथे मी, तुमची हुशार भाची, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडला: या दाराची करकर. दोघंही एकदम हो म्हणाले! सरांना आवाज मोजायला मिळणार होता आणि बाईंना त्यातली वेदना. मला वाटलं, जग जिंकलं. पुढचे सात महिने मी त्या दाराशी संसार केला म्हणा ना. सकाळची करकर, दुपारची करकर, ओल्या हवेतली, कोरड्या हवेतली, रागावलेल्या माणसाने उघडल्यावरची, कर्ज मागायला आल्यासारखं हळूच उघडल्यावरची, सगळ्यांची नोंद केली. एकशे चाळीस माणसांना तो आवाज ऐकवून काय आठवतं ते विचारलं. (एकशे दोन जणांना दवाखाना आठवला, एकाला त्याची सासू. उरलेल्यांनी मलाच विचारलं, की तू ठीक आहेस ना?) सर वहीवर लिहायचे, भावना कमी करा. बाई त्याच पानावर लिहायच्या, आकडे कमी करा. दोघांचं ऐकून शेवटी एका पानावर फक्त तारीख उरली होती. तरी मी तग धरला, मामा. येत्या गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार, स्वतःच्या हाताने दार उघडणार, करकर ऐकणार आणि मला उत्तीर्ण करणार, असं ठरलं होतं. नुसतं रेकॉर्डिंग चालत नाही. गेल्या वर्षी एकाने दुर्मिळ पक्ष्याचा आवाज आणला होता, तो त्याची स्वतःचीच शिट्टी निघाला, तेव्हापासून मूळ वस्तू हजर करावी लागते.

आणि सोमवारी तुम्ही आलात. खांद्यावर माझ्यासाठी केलेलं पुस्तकांचं फडताळ घेऊन, दोन बस बदलून, चार जिने चढून. मी वर्गात होते. तुम्ही तासभर आमच्या खोलीत एकटे बसलात. आता तुमच्यासारख्या माणसाला करकरणाऱ्या दारासमोर तासभर एकटं बसवणं ही चूक कुणाची, हे मी ठरवत नाही. मी आले तेव्हा तुम्ही निघून गेला होता आणि माझ्या वहीत तुमची चिठ्ठी होती. दार ढकललं, तर ते लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. मामा, मी ते बावीस वेळा उघडलं आणि लावलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. लोक दुसऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतात, तुम्ही स्वतःच्या खिशातलं उत्तम प्रतीचं तेल फिरवलंत, त्याबद्दल मी आभारी आहे.

त्यानंतर काय काय केलं ते ऐकाच. बिजागऱ्या साबणाने धुतल्या, मिठाचं पाणी घातलं, वाळू चोळली. दार जास्तच सुरळीत झालं. दुसरं एखादं दार लावावं म्हणून स्वच्छतागृहाचं दार तपासलं, ते छान करकरतं, पण सरांच्या मते त्याचा स्वर जुळत नाही आणि बाईंच्या मते त्यात दुःख नाही, नुसता वैताग आहे. शेवटी देखभाल विभागात गेले. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, की वस्तू नीट चालते अशी तक्रार करण्याचा फॉर्म उपलब्ध नाही. एवढं होईपर्यंत दोन्ही इमारतींच्या फलकांवर सूचना झळकल्या: संयुक्त विभागाच्या दाराची दुरुस्ती आमच्या विभागाने तत्परतेने पूर्ण केली आहे. नऊ वर्षं ज्या दाराला आईबाप नव्हते, त्याला एका दुपारीत दोन बाप मिळाले. समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. तुमचं नाव अर्थातच कुठेही नाही.

असो. मी रागावलेली नाही. तुम्ही प्रेमानेच केलंत, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि तोच तर माझा त्रास आहे, कारण धड भांडताही येत नाही. आईला यातलं काही सांगू नका. मामींना नमस्कार, मांजराला धपाटा.

तुमची (सोमवारपर्यंत लाडकी असलेली)
भाची

ता. क. खरं सांगते, मामा, मला भीती वाटते आहे. बुधवारी येऊन ते दार पुन्हा बिघडवून द्याल का? ज्याला दुरुस्त करता येतं त्याला बिघडवता आलंच पाहिजे, असा माझा समज आहे. बिजागरीचे जुने स्क्रू फेकले नसतील तर घेऊन या.

ता. क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात सरांनी आणि बाईंनी बोलावलं म्हणून थांबले. बुधवारी येऊ नका. गुरुवारी या, इस्त्रीचा शर्ट घालून. झालं असं, की दोघांनी माझी वही पुन्हा चाळली आणि तुमची चिठ्ठी सापडली. तुम्ही लिहिलं होतं: "वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होते म्हणून सगळा भार खालचीवर आला होता. बिचारी एकटी किती वर्षं पेलत होती, कण्हणार नाही तर काय करेल." सरांनी पहिलं वाक्य अधोरेखित केलं, बाईंनी दुसरं, आणि मग दोघंही उठून दाराशी गेले. सात महिने मी त्या दारात उभी राहून आवाज मोजला, मामा, पण मान वर करून बिजागरीकडे एकदाही बघितलं नाही. त्या दोघांनीही नाही, नऊ वर्षांत. आता तुमची चिठ्ठी प्रकल्पाचं शेवटचं पान आहे आणि परीक्षकांसमोर तिचं स्पष्टीकरण तुम्ही द्यायचं आहे. चौथीनंतर शाळा सोडली हे सांगू नका, कुणी विचारलंच तर संयुक्त पदवी आहे म्हणा. तुमचं फडताळ खोलीत लावलं आहे. सरांची पुस्तकं आणि बाईंची पुस्तकं पहिल्यांदाच एका फळीवर आहेत, आणि फळी वाकलेली नाही.

ता. क. ३. तरीही परीक्षकांचा काही नेम नाही. म्हणून एक शेवटचं काम. येताना वाटेत काकांच्या ऑफिसात डोकवा. खिडकीजवळची ती खुर्ची तुम्हीच केलेली आहे, म्हणजे माझ्या अख्ख्या नोकरीला आणि पेन्शनलासुद्धा पुरेल. आयुष्यात कधी केलं नसेल तुम्ही, पण एवढं माझ्यासाठी करा, तिचा एक पाय सैल करून या.