अर्काच्या बाटल्या आणि भावाचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रागात लिहीत आहे, हे मात्र खरे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असे डॉक्टरांनी दाखल्यात नमूद केले आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या मुलीला. तिच्या मामाने त्यात पाऊल ठेवू नये.

२. या मामाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, काहीही नाही. कारण लिहून ठेवते. तो लसूण आणि झाडांच्या सालींचा अर्क विकतो. माझ्या यजमानांच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठत होती. कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. भाऊ म्हणाला, "भावोजी, जन्मभर गोळ्या कसल्या गिळताय? तीन महिने माझा अर्क घ्या, मग ताईच रक्त तपासेल."

गोळी थांबवून अर्क घेतला. मी तपासले. आकडे उतरलेलेच होते. पुन्हा तपासले, तेच. "काय ताई, जिरली?" जिरली. त्यानंतर वर्षभर मी त्यांचे रक्त तपासलेच नाही. यजमान जिना चढताना कोसळले आणि गेले.

पहिली आणि शेवटची बाटली, तळाशी उरलेल्या अर्कासकट, मी बाहेर तपासायला पाठवली. पहिलीत तीच कोलेस्टेरॉलची गोळी कुटून घातलेली निघाली. शेवटच्या बाटलीत नुसता लसूण आणि साली. औषध खात्याचा तपासनीस येणार अशी कुणकुण लागताच भावाने गोळ्या घालणे बंद केले होते.

"आम्हाला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर धंदा बसला असता, ताई."

३. बँकेतील ठेवीतून दोन्ही अहवाल छापून त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावेत. उरेल ते मुलीचे.

४. निवृत्तीच्या वेळी मिळालेले मानपत्र फाडून टाकावे. आकडा बरोबर लिहूनही मी चुकले.

५. भावाने माझ्या मयताला येऊ नये. रडत आला तरी दार उघडू नये.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: १४ मार्च.
सही: लिहून देणार

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर. सही.

साक्षीदार २: लिहून देणारीची भावजय. मजकूर वाचला, खरा आहे. गोळ्या मीच कुटत होते. बंद केल्या तेव्हा गप्पही मीच बसले. सही.