मामांचा आकडा

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत माझं बस्तान बसलं. खिडकीपाशी टेबल मिळालंय. तुमची भाची म्हणून सगळे जरा जपूनच बोलतात.

कामाचं सांगते. ग्राफाइटच्या ठोकळ्यावरचा पापुद्रा चिकटपट्टीने काढला आणि कोरा पृष्ठभाग लगेच खाऱ्या पाण्यात बुडवून तो किती विद्युतभार धरतो ते मोजलं. तुमच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला. तोच तुकडा टेबलावर उघडा ठेवला, तर आकडा उतरत उतरत दुपारी तुमच्या आकड्यावर येऊन थांबला. हवेतलं काहीतरी तेलकट त्यावर बसत असावं. पण सगळ्या पुस्तकांत तुमचाच आकडा आहे आणि कारणही तुमचंच, की ग्राफाइटच्या सपाट अंगावर मोकळे इलेक्ट्रॉन मोजके, म्हणून भार कमी. माझं कुठे चुकतंय ते कळवा.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आकड्यांवर अवलंबून नसावा.

तुमची भाची

ता. १२ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चिकटपट्टी ओढताना पापुद्रे फाटतात, कडा उघड्या पडतात आणि कडांवर भार जास्त साचतो, हे तुला मीच शिकवलं होतं. आधी कडा किती आहेत ते पाहा. हवेला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. तुकडा हवाबंद ठेवूनही आकडा उतरला, तर तुझ्या तेलकट हवेचा विषय मिटला.

मामी विचारतेय, वेळेवर जेवतेस का. तिला वेगळं कळव, नाहीतर मला ऐकावं लागतं.

आशीर्वाद आहेतच.

मामा

ता. २० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कडा पाहिल्या. इतक्या थोड्या आहेत की त्यांनी एवढा फरक पडणार नाही. मग शुद्ध वायू भरलेल्या बंद पेटीत तुकडा ठेवला. आकडा दिवसभर हलला नाही. पेटी उघडली आणि उतरायला लागला. चार तुकड्यांवर तेच झालं.

आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, लेख लगेच पाठव. मसुदा सोबत आहे. तुम्ही वाचल्याशिवाय मी तो पाठवणार नाही.

कळावे, माया कमी करू नये.

तुमची भाची

ता. २९ मार्च

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मामांनी तुझा मसुदा वाचला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. जेवताना मी विचारलं, पोरीवर रागावलात का. तर म्हणाले, राग नाही, त्या आकड्यावर मी म्हातारा झालो. आज मात्र लाल पेन्सिल शोधून दिली मी त्यांना. तू घाबरू नकोस, पण घाईही करू नकोस.

जपून राहा.

मामी

ता. ३ एप्रिल

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

उशीर झाला. पेटीचा प्रयोग चोख आहे. त्यात खोट काढायला मी आठवडाभर बसलो होतो, सापडली नाही. आम्ही सकाळी पापुद्रा काढायचो, उपकरण जुळवायचो आणि दुपारी मोजायचो. हवेला पुरेसा वेळ मिळत होता.

एक गोष्ट मात्र तुझ्याच आलेखात आहे आणि तुझ्या नजरेतून सुटली. विद्युतदाब बदलत नेला, की कोऱ्या पृष्ठभागावरही आलेख मधे खाली जातो आणि दोन्ही बाजूंना चढतो. इलेक्ट्रॉन भरपूर असते, तर मधे असा खड्डा पडला नसता. म्हणजे इलेक्ट्रॉन मोजके, हे खरंच. आकडा पडला, कारण उभं आहे. ते लिही. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, तसं दिसतंय म्हणून.

आता शेवटचं. दुसऱ्या पानावर तू लिहिलंस, 'पूर्वीच्या काही मोजमापांत त्रुटी असू शकते.' ती 'पूर्वीची काही मोजमापं' म्हणजे मी. 'असू शकते' खोडलं आहे, तिथे 'आहे' लिही आणि माझं नाव घाल. गेलेल्या माणसाबद्दल असं आडून आडून लिहितात. मी अजून आहे.

लेख पाठवून दे.

तुझा मामा