सातुर्निनोची पिशवी

निकोलासा,
घरी सगळे धडधाकट असताना हे पत्र तुझ्या हाती पडो.

मी मजेत आहे. खिंड ओलांडली, उद्या पाहुण्यांना इंकांच्या जुन्या नगरीत पोचवू. ते धापा टाकतात, आम्ही तंबू-भांडी पाठीवर घेऊन पुढे पळतो. गुडघा अजिबात दुखत नाही. आईचा खोकला कसा आहे? बटाट्यांना कीड नाही ना लागली?

या खेपेला पलीकडच्या गावचा सातुर्निनो हमाल म्हणून सोबत आहे. भेटल्यावर रीतीप्रमाणे आम्ही चिमूटभर चघळायला कोकाच्या पानांच्या पिशव्या एकमेकांच्या हाती दिल्या. त्याची नवीकोरी. काठाला डोळ्यांची नक्षी, आणि शेवटचा डोळा हिरवा. तसा तुझ्याशिवाय कुणी विणत नाही. माझ्या पिशवीलाही तोच हिरवा डोळा, पण ती मात्र तळाला फाटलेली. नवी विणायला तुला कुठे सवड होते!

"कुणी विणली रे?" मी विचारलं.

"आहे एक," तो लाजला. मग माझी पिशवी उलटसुलट करून बघत म्हणाला, "आणि ही?"

"बायकोनं."

त्याचं हसू तिथंच विरलं. तेव्हापासून न मागता माझं निम्मं ओझं तोच वाहतोय.

इतका भला माणूस तुला कुठे भेटला, तेवढं कळव.

अजून तरी तुझाच,
एलेउतेरिओ