अक्काच्या हाताला मुंग्या

पिंप्राळा, जळगाव
३ जानेवारी २०२४

चि. चुडामणला अक्काचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई पुनम बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. नातू आजोबांवर गेलाय, जन्मल्यापासून रागातच आहे.

फोनवर सांगता येत नाही, माझा लेक ज्ञानेश्वर जवळच बसलेला असतो, म्हणून लिहिते. अंघोळीला नळ धरला की माझ्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या येतात. देवपूजेला, स्वयंपाकाला काही नाही. ज्ञानेश्वर म्हणतो, शुगरमुळे होतं. तुझ्या हातून बाळ निसटेल, म्हणून सोमवारपासून मालिशवाली भिकुबाई त्याला न्हाऊ घालणार. माझी दोन्ही पोरं मी माझ्या पायांवर न्हाऊ घातली रे. फार लागलं मनाला. वर ही मंडळी मोरीत चपला घालून अंघोळ करतात आणि मलाच शहाणपण शिकवतात.

तुझ्या गुडघ्याचं प्लास्टर कधी निघणार ते कळव. माया असू दे.

तुझी अक्का


धुळे
७ जानेवारी २०२४

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धडकी भरली. मुंग्या फक्त मोरीतच येतात, आणि अनवाणी तू एकटीच असतेस. अक्का, ही शुगर नाही, गिझरचा करंट आहे. दिवाळीत अंगणात फरशी बसवली, तेव्हा करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार तुटली असेल.

ज्ञानेश्वरला फोन केला तर तो हसला. पाणी छान तापतं म्हणाला, आणि तुला फोन दिलाच नाही. शेजारचा भाईदास उद्या पहाटेच्या गाडीने जळगावला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. वाचल्याबरोबर गिझरचं बटण बंद कर. बाळाला मोरीत नेऊ देऊ नकोस. कोणी वेडी म्हटलं तरी चालेल.

धाकट्या भावाच्या पाठीशी तुझा आशीर्वाद राहो.

चुडामण


पिंप्राळा, जळगाव
९ जानेवारी २०२४

चि. चुडामणला आशीर्वाद.

काल तुझं पत्र आलं तेव्हा भिकुबाई पाट मांडून बसली होती, पुनम बाळाला घेऊन उभी. मी बटण बंद केलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

ज्ञानेश्वर भडकला. काही होत नाही हे दाखवायला त्याने चपला काढल्या, बटण लावलं आणि नळाकडे हात नेला. एकदा धरू दिला असता तर माझं खरं ठरलं असतं. पण आईला ते जमतं का? मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. त्याने हिसके दिले, तरी सुटेना. मग तो माझ्या हातांची पकड बघत राहिला. बटण त्यानेच बंद केलं आणि वायरमनला बोलावलं.

पाण्याच्या क्षाराने आतली कॉइल फुटली होती आणि अर्थिंगची तार फरशीखाली तुटलेली. बाळाला हे सोसलं नसतं, असं वायरमन म्हणाला. पुनम खूप रडली, मीही.

आज पाणी गॅसवर तापवलं. भिकुबाई वेळेवर आली. ज्ञानेश्वरने तिला चहा दिला आणि बाळ माझ्या पायांवर आणून ठेवलं.

गुडघा सांभाळ. अशीच माया ठेव.

तुझी अक्का