शाळेत ती तुला आई म्हणायची

आई गं,

रागावलेय मी तुझ्यावर. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातंय! काल तुझ्या जलदान विधीला नाओमी आलेली. माणसं पांगल्यावर तिने मला एक गोष्ट सांगितली आणि एक विचारली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. भांडायला तू नाहीस, म्हणून लिहितेय.

नाओमी आठवते ना? काय पण विचारतेय मी! एक वेळ मला विसरशील, तिला नाही विसरायचीस. दिवा स्टेशनजवळ राहणारी नाओमी. बाप नायजेरियाचा, आई आपल्यातलीच, नर्स. सातवीत आमच्या वर्गात आली आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजवर थांबलेलं नाही.

तू त्या शाळेत मावशी होतीस म्हणून तर मला तिथे ॲडमिशन मिळालेली. पहिल्याच दिवशी बजावलेलंस, "शाळेत आई म्हणायचं नाही हं प्रज्ञा. बाई म्हणतील, पोरीचे लाड करते." मी ऐकलं. सात वर्षं तुला सगळ्यांसारखी 'मावशी, पाणी द्या' म्हणत राहिले. आणि ही बया दोन महिन्यांत तुला 'आई' म्हणायला लागली! आणि तू चक्क ओ दिलीस! मी जिन्यावरच उभी होते.

खोटं कशाला बोलू, वर्गात तिचे हाल होते. मुलं तिच्या हातावर बोट घासून बघायची, रंग निघतो का. कुणी 'हबशी' म्हणायचं, कुणी नुसतं 'ए आफ्रिका'. दोन मुलींच्या आयांनी येऊन आपापल्या मुलीचा बेंच बदलून घेतला. "तुमच्या देशात काय खाता गं?" विचारलं की ती म्हणायची, "दिव्यात? पाणी आलं तर भात, नाही आलं तर वडापाव." मला हसू यायचं, पण मी हसायचे नाही. हसले असते तर मैत्री झाली असती ना!

आणि तो केसांचा नियम. खांद्याखाली केस असतील तर दोन वेण्या, लाल रिबिनी. तिचे केस दाट, बारीक कुरळे, ते वेणीत बसायचेच नाहीत. बाई तिला रोज प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढायच्या. "डोक्यावर हे घरटं घेऊन येतेस?" असं त्या माइकवर म्हणालेल्या. अख्खी शाळा हसली. मीपण.

दुसऱ्या दिवसापासून तू तिला पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत बसवायला लागलीस. मोठ्या दातांचा कंगवा आणलास, खोबरेल तेल आणलंस, तिच्या आईला फोन करून विचारून घेतलंस कुठून विंचरायला सुरुवात करायची. रोज अर्धा तास! आई, मी तिसरीपासून माझी वेणी मीच घालत होते गं. तू पहाटे शाळेचे वर्ग झाडायला निघून जायचीस. माझा भांग वाकडा आहे हे मला वर्गातल्या पोरींनी सांगितलं. तुझ्या एकुलत्या एक पोरीचा भांग! आणि तिथे तू तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत, हसत बसलेली. मला काय वाटलं असेल, विचार केलास कधी?

म्हणून मी बाईंना सांगितलं. हो, मीच, वर्गाची मॉनिटर. "मावशी ड्यूटी सोडून नाओमीच्या वेण्या घालत बसतात." बारा वर्षांची होते, पण काय करतेय ते मला चांगलं कळत होतं. तुला ऑफिसात बोलावून झापलं, खोलीला कुलूप लागलं. नाओमी पुन्हा रोज रांगेबाहेर. दिवाळीनंतर ती आलीच नाही. मला बरं वाटलेलं, आई. खूप बरं वाटलेलं.

तेरा वर्षं मला वाटत होतं, तुला काही माहीत नाही. काल नाओमी म्हणाली, "मावशींना बाईंनी त्याच दिवशी सांगितलेलं, तुझ्याच पोरीने चुगली केली म्हणून. त्या दिव्याला आमच्या घरी आलेल्या. तुझ्या वतीने माझी माफी मागितली. म्हणाल्या, माझी पोर वाईट नाही, तिला मी कमी पडले."

हे तू तिला सांगितलंस! मला नाही! एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि माझ्याबद्दलची गोष्ट तू जाऊन तिच्याकडे बोललीस! माझ्या वतीने माफी मागायची होती ना, मग मला कान धरून न्यायचं होतंस. तेवढ्यापुरती तरी एकदा माझ्यावर हक्काने ओरडली असतीस. आणि 'कमी पडले' हेही तिलाच ऐकायला मिळालं.

मग तिने विचारलं. तिची धाकटी बहीण आहे, लिआ, सहा वर्षांची. ते आता ठाकुर्लीला राहायला आलेत. आपली शाळा समोरच. "तू ऑफिसात आहेस तिथे. घालू का तिला? खरं सांग. मावशी असत्या तर विचारलंच नसतं."

सोमवारी सांगते म्हणून मी खुर्च्या गोळा करायला निघून गेले. कारण शाळेच्या डायरीत तो केसांचा नियम अजून आहे, दर जूनला मीच ती छापायला पाठवते. आणि एक विचारू? तू तरी बाईंना कधी म्हणालीस का, की हा नियमच चुकीचा आहे? तिचे केस ओढून ओढून नियमात बसवलेस, डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. नोकरीची भीती होती, कळतं मला. पण चुकलंस तूही.

उद्या सोमवार. मुख्याध्यापिकांकडे जाणार आहे. ती ओळ काढा म्हणून लेखी देणार, आणि का म्हणून विचारलं तर बारा वर्षांच्या मॉनिटरने काय केलं तेही सांगणार. नाही ऐकलं तर परवा पुन्हा जाईन. आणि नाओमीची माफी मी माझ्या तोंडाने मागेन, तुझी उधारीची नको.

एक शब्द देते. लिआ रांगेत तिच्या केसांनिशी उभी राहील, जशी आहे तशी, आणि तिला बाहेर काढायला कुणी आलं तर आधी मला बाहेर काढावं लागेल. जळणं काही थांबलेलं नाही माझं, तशी आशाही ठेवू नकोस. पण तुला पोरी दोन, एवढं आता मान्य आहे.

तुझी थोरली,
प्रज्ञा