कंदील आणि लंगडा उंट

९ ऑगस्ट, शुक्रवार

तीन महिने इथे एक ओळ नाही. क्षमा. कागदाचीच मागते, ज्याची मागायला हवी, त्याच्यापुढे अजून तोंड उघडत नाही.

आमच्या भागातलं संगणकांचं जाळं बंद होणार. पोरांनी गच्चीवरून गच्चीवर वायरी ओढून घरंच्या घरं जोडली होती — फुकट! सरकारच्या नव्या नियमात ते बसत नाही. जोडण्या सांभाळणारा ओस्वेल जिन्यातूनच ओरडला, "मिरेया बाई, तुमच्या बुद्धिबळाला आता मूठमाती द्या!"

"इंटरनेटवर खेळतील लोक."

"पार्कात बसून? इंटरनेटची तासाची कार्डं तुम्ही वाटणार वाटतं!"

हसले. पण लंगडा उंट कुठे जाईल?

११ ऑगस्ट, रविवार

नीट लिहून काढते, म्हणजे पळवाट राहणार नाही.

जाळ्यावरचा बुद्धिबळाचा सर्व्हर माझा. सुरुवातीला लोक यायचे, कुणी नाही बघून निघून जायचे. म्हणून मी बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम जोडला, त्याच्या चाली पटावर पोचवणारा दुवा लिहिला. नाव ठेवलं कंदील. 'हे यंत्र आहे' एवढं लिहायचं राहिलं. राहिलं? नाही. लिहिलं असतं तर कुणी खेळलं नसतं.

'लंगडा उंट' रोज येतो. फक्त कंदीलशी खेळतो. नाव-पत्ता विचारायचा नाही हा जाळ्याचा नियम, त्यामुळे एवढंच ठाऊक — बेकरीत भट्टीवर असतो, आणि पार्कातल्या एका तासाच्या इंटरनेटला त्याची दिवसाची मजुरी जाते.

जानेवारीत डावाच्या मध्येच त्याने लिहिलं, "आज धाकटी विमानात बसली. आता घरात मी आणि चार खुर्च्या." मी बघत होते. राहवलं नाही, कंदीलच्या नावाने उत्तर दिलं. दोन तास बोललो. माझ्या भावाचं देश सोडून जाणंही मी सांगितलं, कुणाला न सांगितलेलं. आणि तिकडे पटावर प्रोग्राम त्याचा हत्ती खात होता!

त्यानंतर बोलायची हिंमत झाली नाही. तो मात्र दर डावाआधी लिहितो, "काय कंदीलराव, आज तरी दया करणार?"

१२ ऑगस्ट

नाही सांगितलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

सांगितलं. "कंदील हा प्रोग्राम आहे. आधीच सांगायला हवं होतं." डाव अर्धा होता. त्याचं घड्याळ चालत राहिलं, संपलं.

खरं बोलल्याचं समाधान वाटायला हवं ना? ते वाटत नाही. त्याला फक्त जाळं गेल्याचं दुःख झालं असतं. मी त्याचा सोबतीही नेला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी त्याचं उत्तर आलं — "मग जानेवारीत माझ्याशी कोण बोललं?"

'मी' लिहिलं. पाठवायच्या आत जोडणीचा हिरवा दिवा विझला. जाळं गेलं.

ओस्वेलकडे धावले. म्हणाला, "तुमचा उंट चर्चमागच्या वायरीवरून यायचा, एवढंच दिसतं. पुढे कुठलं घर ते देवाला माहीत. आणि बाई, वायरी शनिवारी उतरवणार."

उद्या: गच्चीपासून वायर बघत निघायचं आणि चर्चमागे दारोदार विचारायचं — इथे भट्टीवर काम करणारं कुणी राहतं का?