खाडीतली खोटी रेषा

मी मितेक, वय बावीस, राहणार दक्षिणेकडचं गाव, सध्या मुक्काम उत्तरेकडच्या खाडीवर, मोजणीच्या तंबूत, काम स्लेज हाकणं. शाळा दोन हिवाळे झाली, म्हणून अक्षर असं. डोकं ठिकाणावर आहे. उद्या मोजणीच्या साहेबाच्या स्लेजपुढे बर्फ ठोकून बघत मला चालायचंय, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

नऊ कुत्रे आहेत. आठ आईला. म्होरक्याला गोळी घालावी, पण तो माझ्या काकाला, पावियाला, देऊ नये.

भाला नि चूल आचारी तोबियासला. त्याने मला कधी उपाशी ठेवलं नाही, शिव्या मात्र पोटभर घातल्या.

आता नकाशा. पूर्व किनाऱ्याचा बर्फ जाड आहे, पण तिथे काकाची सील मारायची बिळं आहेत. ती कोणाला दिसू नयेत म्हणून त्याने साहेबाला नकाशावर पश्चिमेची वाट काढून दिली. तिथे खालचा प्रवाह बर्फ पोखरतो. माझा भाऊ उयूत मागल्या वर्षी त्याच रेषेवर कुत्र्यांसकट गेला. काका म्हणाला, "प्यालेला होता." उयूतने दारूला तोंड लावलं नव्हतं. मी साहेबाला सांगितलं, तर ते हसले, "पोरा, नकाशा तुझा की पावियाचा?" नकाशा दुरुस्त व्हायला एक बुडालेला पुरला नाही, दुसरा लागतोय. मी बुडालो तर त्या जागेला पावियाचं नाव छापावं. लोक एकमेकांना बजावतील, पावियावर पाय ठेवू नका.

माझं नाव काकाची मुलगी अमालिया हिच्या होणाऱ्या बाळाला द्यावं. आमच्यात नावाबरोबर माणूस येतो, नातंही. काकाने त्या बाळाला पुतण्या म्हणावं, सीलच्या काळजाचा पहिला तुकडा हाताने भरवावा, कधी रागवू नये. बोलायला लागलो की मी रोज विचारीन, उयूत कुठाय?

हे सगळं तोबियासने काकाला मोठ्याने वाचून दाखवलं. काकाने विचारलं,

"मुलगी झाली तर?"

"तरी मीच."

तेवढ्यात साहेब आत आले नि म्हणाले, "पाविया, उद्याची वाट बरोबर आहे ना?"

काकाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरोबर आहे." मग खाली अंगठा लावला.

सही: मितेक
साक्षीदार: तोबियास, आचारी (सही)
पाविया, काका (अंगठा)
मोजणीचा तंबू, खाडीचं तोंड, ११ मार्च १९३४